तळघराची किल्ली देताना

पायऱ्या अकरा आहेत, लिगाया. शेवटची जरा बुटकी,
तिथे सगळेच अडखळतात.
डोकं सांभाळ, पाइप आहे.

विनिपेगची थंडी आभाळातून उतरते असं लोकांना वाटतं.
तशी नाही ती. ती इथून येते,
भिंतीवर घराचं लाकूड टेकतं त्या फटीतून.
ऑक्टोबरात मी ईस्टरची उरलेली मेणबत्ती घेऊन
कडेकडेनं फिरलो.
ज्योत जिथे मान वाकडी करी, तिथे खडूनं फुली.
एकतीस फुल्या निघाल्या.
चाळीस हिवाळे आम्ही अंगण तापवत होतो
आणि शिव्या मात्र वीज कंपनीला.

सगळ्या बुजवल्या. फोमच्या पाट्या कापून बसवल्या,
वरून प्लास्टरबोर्ड,
कारण उघडा फोम पेटला तर
काही विचारायला सवड देत नाही.

हा तेलाचा हीटर. अकॉर्डियनसारखा दिसतो,
वाजत नाही.
तापायला वेळ लावतो, निवायलाही.
प्लग थेट भिंतीत. एक्स्टेंशन नाही म्हणजे नाहीच.
पलंगापासून, पडद्यापासून तीन फूट दूर,
आणि त्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत.
हसू नकोस, सगळे घालतात.

ही खिडकी हुक काढला की पूर्ण उघडते.
तुझ्या खांद्यांहून रुंद आहे,
माझ्याही. मी एकदा बाहेर पडून बघितलंय,
शेजारीण पोलिसांना बोलावणार होती.
बाहेरचा बर्फ मी रोज उपसेन.

आणि हे पांढरं, बशीएवढं.
बॅटरी उतरली की टुकटुक करतं, तेव्हा मला हाक मार,
काढून खणात टाकू नकोस.
पण ओरडलं, तर
कोट नको, बूट नको, फोन नको,
आधी घराबाहेर.
मला उठवायला दार वाजव, जाता जाता. जोरात.

माझा धाकटा भाऊ ओस्टाप, एकोणीस वर्षांचा,
गॅरेजमागच्या खोलीत
बादलीत निखारे घेऊन झोपला होता.
सकाळी गाल लालबुंद.
आई दारात उभी राहून म्हणाली,
चला, पोराला ऊब तरी मिळाली.

असो.
थर्मोस्टॅट अठरावर ठेवलाय.
मला पुरतं. तू मात्र मागच्या महिन्यापर्यंत
फिलिपिन्समध्ये घामाघूम होतीस,
तेव्हा वीसवर कर, बिलाचं पुढे बघू.

किल्ली उलटी फिरते. डावीकडे.