तिसरी सतरावी आली

प्रमाणपत्रावर दोनच नावं मावली.
एक माझं, त्यातही आडनावाची वेलांटी चुकलेली.
दुसरं तिचं: तिसरी.
पुण्यातल्या बाईंनी विचारलं, पहिली-दुसरी कुठे आहेत?
म्हटलं, खायची तिसरी हो, शिंपल्यातली.
हर्णैच्या बंदरामागे टरफलांच्या ढिगात सापडली,
तेव्हा माझ्या तळहातात मावत होती,
आणि वास पंधरा दिवस गेला नव्हता.

सतरावी आली ती. एकोणीस जणांत.

पण सतराव्या नंबरापर्यंत पोचायलाही
एक फळी लागते, बारा फुटांची,
चढायला, तोल सांभाळायला, उतरायला.
ती गफूरचाचा परकारांनी दिली, मोडीत काढलेल्या होडीची.
'कुत्रीला शिडी कशाला?' एवढंच विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता रंधा काढला.
तिच्या पायात कपची जायला नको.

बोगदा म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली तीन निळी पिंपं,
रात्रपाळीच्या जितू चोगल्याने तळ कापून दिलेली.
मालकाला अजून पत्ता नाही.
(जितू, ही ओळ मी मोठ्याने कुठे वाचणार नाही.)

चांगुणा पावशीण टोपलीतून सुकटीची मूठ काढायची,
न मोजता, दर रविवारी,
वर एक शिवी फुकट:
'मेली माझ्या नातवापेक्षा बरी खाते.'

आणि कालवाच्या धारेने पंजा फाटला त्या दिवशी
डॉक्टर मुकादमबाईंनी चार टाके घातले, पैसे घेतले नाहीत,
म्हणाल्या, घरी कोकमाचं आगळ असलं तर बघा.
टाके काढायला त्याच आल्या, दापोलीहून स्कूटरवर.
टाके काढले आणि तासभर पायरीवर बसून राहिल्या,
नुसतं तिचं धावणं बघत.

एसटीत कुत्रं चालत नाही.
नियम पाठ असलेल्या कंडक्टर महाडिकांनी
खिडकीबाहेर बघत विचारलं, 'त्या पोत्यात काय?'
पोतं शेपूट हलवत होतं.
'लगेज,' त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं,
आणि तिकीट फाडलं.

आई, तुझ्यापाशी आले की अडखळते मी,
कारण तू नाही म्हणाली होतीस.
घरात नाही, पडवीत नाही, अंगणातसुद्धा नाही.
मग एका पहाटे माडांखाली आवाज आला म्हणून बाहेर आले
तर तू, पदर खोचलेली, गुडघ्यांवर,
पिंपाच्या या तोंडाशी वाकून त्या तोंडाकडे बघत,
हातात सुकट:
'शीर गो बाय, शीर. कोण नाय आत.'
मी मागच्या मागे वळले. तुला अजून सांगितलेलं नाही.

पुण्यात ती बोगद्यापाशी थांबली.
हुंगलं. पुन्हा हुंगलं.
मासळीचा वास नाही, बर्फाचा गारवा नाही,
असला कसला बोगदा?
घड्याळ पळत होतं. शिकलेल्या सगळ्या खुणा
माझ्या हातातून गळून गेल्या,
आणि तोंडातून आला तो आवाज माझा नव्हता:
'शीर गो बाय, शीर. कोण नाय आत.'
मैदानात कोणीतरी हसलं.
ती शिरली.

आमच्याकडे आभार मानले की माणसं रागावतात.
'परकी झालीस काय?' म्हणतात, आणि वर मासळी देतात.
म्हणून हे असं, कागदावर.

आता तिचे मागचे पाय दुखतात.
पिंपांत पन्हळीचं पाणी साठतं.
परवा चाचांनी नवी होडी पाण्यात लोटली,
बसायचा बाक त्याच फळीचा.
वाकून बघितलं. रंधा मारला नव्हता.
नखांचे ओरखडे होते तसेच, वर जाणारे, खाली येणारे.
म्हटलं, चाचा, हे राहिलंय तासायचं.
'ऱ्हाऊ दे,' म्हणाले. 'पाय घसरत नाय.'