युरियाची बादली

ठिबकला सोडायला म्हणून
अर्धी बादली पाणी आणि पाच किलो युरिया.
मार्चची दुपार, अक्कोळचा मळा,
हौदातलं पाणी कोमट.
मी काठी फिरवत गेलो
तशी बादली गार पडत गेली,
बाहेरून थेंब धरले तिनं.

बाबगोंडा मास्तर लुना लावून खाली उतरले,
बोट बुडवलं.
‘फुंकर कुणी घातली रे हिला?’
चिकोडीच्या कॉलेजात चाळीस वर्षं रसायन शिकवलेला माणूस,
उत्तराची वाट बघत नाही.

‘कल्लव्वा चुनकळी भिजवते, पिंप खदखदतं.
ते कळतं. अंगातली ऊब टाकून
निवांत होणं कुणाला नको?
पण हा उलटा.
पाण्याचीच ऊब उसनी घेतोय
आणि तरी थांबेना.
दाणा होता तेव्हा रांगेत होता, हातात हात.
आता चिंचलीची जत्रा सुटल्यागत पांगलाय.
रांगेत राहायची वाट एक,
पांगायच्या किती, मोज.’

मग ओल्या बोटानं हौदाच्या काळ्या काठावर
त्यांनी गणित मांडलं.
पांगापांगीला तापमानानं गुणायचं,
ऊबेच्या हिशोबातून वजा करायचं.
‘ऋण आलं तर होतं. ताने आगतद.’
मी म्हटलं, ऋण नको मास्तर.
‘सोसायटीचं नव्हे. हे ऋण म्हणजे उतार.’

चुनखडीजवळ जन्मभर बस म्हणाले,
ती आपला वायू सोडणार नाही.
भट्टीत नऊशे अंशावर
गुणाकार फुगतो, पारडं फिरतं,
दगड तोच.

‘आपोआप म्हणजे लगेच?’ मी विचारलं.
मास्तर निपाणीच्या दिशेनं बघत राहिले.
‘वखारीत तंबाखूची बोदं आहेत.
हवेत राख होण्याकडंच त्यांचाही उतार.
तीन वर्षं पडून आहेत की.
काडी लागते.
होईल का, एवढंच हे गणित सांगतं.
कधी, ते विचारू नये.’

मग लुनाचं पायडल.
पेट्रोलची तयारी होती, हवेचीही.
मास्तर बांधापर्यंत ढकलत गेले.

मी व्हॉल्व्ह सोडला.
परत आलो तर काठावरचं पाणी उडालेलं,
कुणी न सांगता,
आणि गणित पांढरं होऊन उमटलेलं,
दाणा दाणा पुन्हा रांगेत.
एका अक्षरावर मुंगळा थांबला होता.
बादली उन्हाला टेकून
हळूहळू कोमट होत होती.