दारातला उजेड

उद्यमनगरात दोन लेथांच्या मधल्या बोळात माझं दुकान.
पाटी वडिलांच्या वेळची. तिच्यातलं ‘ऑटो’ उडालंय,
‘इलेक्ट्रिक’ तेवढं टिकून आहे.

सातच्या सुमाराला इंगवलेबाई आल्या.
वय बासष्ट. गाडी राखाडी, दुसऱ्या हाताची.
चालवायला शिकून दीड वर्ष.
म्हणाल्या, दाराची बटणं अंधारात दिसत नाहीत.
चार काचांची चार, एक कुलपाचं,
सगळी एका आईची लेकरं.

मी म्हटलं, बाई, बोटांना सवय होती की हळूहळू.

त्या म्हणाल्या,
गगनबावड्याच्या रस्त्याला काच उघडायला गेले माझी,
उघडली मागची.
ह्यांच्या छातीचा एक्सरे उडाला, उसात गेला.
रात्री नऊ वाजता, साडी खोचून,
मोबाईलच्या बॅटरीत
मी नवऱ्याच्या बरगड्या शोधत होते.

मिळाल्या?
मिळाल्या. सरीत आडव्या. वरनं दव पडलेलं.

मग मी हसायचा थांबलो आणि स्क्रू काढायला घेतला.

पहिला स्क्रू हँडलच्या वाटीत, टिकलीएवढ्या झाकणाखाली.
दुसरा खालच्या कप्प्यात.
बाकी सगळं क्लिपांवर. कडेनं बोटं घालून ओढायचं,
कट, कट, कट,
एक तुटतीच. दरवेळी एकच तुटती.
दाराच्या पोटात शेंगदाण्याची फोलपटं,
रंकाळ्याच्या पार्किंगची पावती
आणि पहिल्या मालकाच्या पोराची निळी गोटी.
गोटी बाईंनी पर्समध्ये टाकली.

आता उजेड दारात पिकत नाही,
तो आणावा लागतो डॅशबोर्डातनं,
हेडलाइट लावला की जी तार जागी होती, तिच्याकडनं मागून.
वाटेत बिजागरी.
तिथं अंगठ्याएवढी रबरी नळी,
आत आधीच अकरा तारा दाटीवाटीनं.
बारावी घालायची म्हणजे
भरल्या यष्टीत पेटी चढवल्यासारखं.
साबणाचं पाणी लावलं,
सायकलच्या तारेला बांधून ओढली.

वडील इथंच हात धरायचे.
ताणून घेऊ नको रे.
दार उघडतंय, मिटतंय,
एखादा रागानं आपटतोय,
त्या सगळ्याची सोय ह्या दोन इंचात ठेव.
स्वतः मात्र ते
कुणाशी दोन इंच सैल बोलले नाहीत कधी.

मोहरीएवढे दिवे, पिवळसर.
बटणांच्या कडेला सुईच्या टोकाची भोकं पाडली,
खालनं एकेक डकवला, डाख दिला.
शेजारच्या लेथवाल्याला सांगून त्याची ट्यूब बंद केली,
शटर अर्धं ओढलं.
चार ठिपके.
त्यात पाचवा, कुलपाचा, जरा बाजूला.

बाई आत बसल्या. बराच वेळ बसल्या.
म्हणाल्या, झकास आहे, पण काचेत मीच दिसते.
वाकून बघितलं तर खरंच,
काळ्या काचेवर त्यांची हनुवटी,
खालनं उजळलेली, दशावतारातल्यासारखी.
मला रस्ता बघायचाय हो, त्या म्हणाल्या.
मला मी घरी बघते.

पुन्हा स्क्रू, पुन्हा कट कट.
रेझिस्टर बदलले. पहिले पिवळा-जांभळा-तपकिरी,
आता पिवळा-जांभळा-लाल.
एका पट्ट्याचा फरक,
उजेड दहाव्या हिश्श्यावर.
मग तो एवढाच राहिला की
बघायला गेलं तर नाही, चाचपायला गेलं तर आहे.

तोवर चहा पिऊन साहेब आले.
बारीक, मफलर, काखेत तो मोठा पाकिटातला एक्सरे.
वाकून पाहिलं, म्हणाले, माझ्या दारालाही घाल एक.
बाई म्हणाल्या, तुमच्या नको. तुम्ही काच उघडता.

साडेसातशे सांगितले, सातशे दिले.
गाडी मागं घेताना लेथच्या भंगारापाशी थोडकी वाचली.
कोपऱ्यावर ब्रेकचे लाल दिवे लागले
आणि एक काच खाली आली.

कुठली, ते इथनं दिसलं नाही.