शेरा

मुसाकाजीच्या धक्क्याला एक सागवानी खांब होता,
त्यावर पांढऱ्या रंगात फूट आणि इंच.
देशात मीटर आले, शाळेत आले, कापडाच्या दुकानात आले,
खांबापर्यंत काही पोचले नाहीत.
दर तासाला बाबा बॅटरी मारून वाचायचे:
लाटेचा माथा किती, खळगा किती,
दोहोंच्या मधलं ते पाणी.

अकराव्या वर्षी त्यांनी मला रात्रीचे आकडे लिहायला बसवलं,
कारण त्यांचं अक्षर ओलं व्हायचं.

तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो.
हे सरकारी पुस्तकात नव्हतं,
दाऊदचाचा सोलकरांच्या बोटांच्या पेरांवर होतं.
सप्तमी म्हणजे सवापाच.
आणि सप्तमी म्हणजे भांग:
सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र काटकोनात,
समुद्र मधोमध विंचरलेला,
ना धड चढत, ना धड उतरत.

त्या आषाढातल्या सप्तमीला
रात्री दोन वाजता मी लिहिलं: चार फूट सात, पाणी चढतं.
चंद्र बाराच्या सुमारास मावळला असणार,
ढगांत कुणी पाहिला?
तो आमच्या पायांखाली होता, पृथ्वीच्या पल्याड,
तिथूनही खाडीचं पाणी हलवत होता,
आणि त्याच्यावर नुकतीच दोन माणसं उतरली होती.
आम्हांला कळलं सकाळी, सातच्या बातम्यांत.
"अजून दार उघडलेलं नाही,"
रेडिओ खरखरीतून म्हणाला.

बाबांनी वही मागे उलटली. सवापाचला सहा फूट एक.
"दोन माणसांचं वजन वाढलं चंद्राचं,
पाणी अर्धा इंच तरी चढायला नको?"
स्वतःच हसले, चष्मा पुसला,
आणि खरंच जाऊन खांब पाहून आले.

होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या.
दाऊदचाचा पडवीत जाळं सांधत होते.
मी धावत जाऊन सांगितलं:
तिघं गेले, दोघं उतरले!
त्यांनी सुई थांबवली.
कोण उतरलं, विचारलं नाही.
तिथं काय आहे, तेही नाही.
"नि होरीवर कोन हाय?"

तिसरा. फिरतोय एकटाच.
चंद्राच्या मागं गेला की त्याचा आवाज येत नाही,
पाऊण तास.

चाचा म्हणाले, नऊ वर्षांचे असताना
त्यांना नांगरलेल्या होडीवर ठेवून
सगळे आंबोळगडला पाणी भरायला गेले होते.
धुकं आलं.
ते पत्र्याचा डबा वाजवत बसले.
पुढचं काही सांगितलं नाही,
सुई पुन्हा चालू झाली.

त्या रात्री धक्क्याच्या टोकाला कंदील लागला.
आषाढात. एकही होडी पाण्यात नसताना.
दुसऱ्या दिवशी बातमी आली, तिघं पुन्हा एकत्र,
तेव्हा चाचांनी तो उतरवला,
काच राखेनं घासली, खुंटीला लावला.

बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं:
वारा नैर्ऋत्य. आकाश ढगाळ. धक्क्यावर कंदील, रात्रभर.

पुढल्या महिन्यात वही रत्नागिरीहून तपासून आली.
लाल शाईत: हंगाम बंद असता कंदील कशासाठी?
रॉकेल कोणाचे? खुलासा करावा.
बाबा दोन दिवस पेनाचं टोपण चावत बसले.

आता खांब नाही. तारेच्या कुंपणात एक पेटी आहे,
पाणी मोजते आणि थेट उपग्रहाला कळवते.
चुकत नसावी.
शेऱ्याला तिच्यात जागा आहे का, ते मी
तिथल्या पोराला विचारलं,
त्याला प्रश्न कळला नाही.

वही माझ्याकडे आहे. कडा कसरीनं खाल्ल्यात.
लाल शाईखाली बाबांचं अक्षर, ओलं, पसरलेलं:

रॉकेल दाऊद सोलकर यांचे.
एक मनुष्य होडीवर होता.