चौघी आणि अकरा

कपडे वाळत घालताना मी मोजते :
अकरा निळे सदरे, पाठीवर आकडे.
सातवरचा डाग काही निघत नाही.
लिंकनशरच्या वाऱ्याला अडवायला इथे टेकडीसुद्धा नाही;
तो बाह्यांत शिरतो, आणि दोरीवर
मुलींवाचूनच टीम धावायला लागते.

बाबांना हा शब्द खेळाला लावलेला खपत नसे.
टीम म्हणजे चौघी घोड्या : व्हायलेट, बॉनी, डचेस,
आणि एका डोळ्याची, जिला ते नुसतं ‘ती’ म्हणत.
चौघी एका औताला.
गळपट्ट्यानं केस गेले होते तिथे
रात्री जवसाचं तेल चोळायचे.
“एकीनं अंग चोरलं की तिघींच्या मानेवर येतं.”
त्यांची व्याख्या एवढीच.

शाळेत मिस ऑर्चर्डनी जाड कोश उघडून
त्याच्याही मागचं दाखवलं :
नांगराच्या आधी, घोड्यांच्या आधी
हा शब्द म्हणजे पोटची पोरं. वीण. पिलावळ.
डुकरिणीच्या बारा पिल्लांना हाच,
राजाच्या वंशालाही हाच.
आणि खाली, मुंगीएवढ्या टायपात, कायद्यातला अर्थ :
दावणीला सापडलेलं गुरू कुणाचं?
तर ज्यानं विकलं त्याला बोलवा,
त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याला बोलवा,
असं मागे मागे जात राहणं.

घरी येऊन सांगितलं.
बाबा म्हणाले, “पुस्तकाला कुठे नांगर धरायचाय.”

आता त्यांना माझं नाव आठवत नाही.
शनिवारी मी त्यांना मैदानाच्या कडेला बसवते,
गुडघ्यांवर घोंगडी, थर्मासमध्ये गोड चहा.
चुन्याच्या रेषेकडे ते
नांगराच्या तासाकडे बघावं तसे बघतात.
“वाकडं गेलंय.”
गेलंयच. मीच मारली होती.

परवा आम्ही पाच-शून्यनं हरत होतो.
चिखल इतका, की बूट कुठे संपतो
अन् पिंढरी कुठे सुरू होते, कळेना.
बाबा एकदम उभे राहिले. घोंगडी पडली.
आणि सगळं शेत ओलांडून जाणाऱ्या
त्या जुन्या आवाजात :
“व्हायलेट! अंग चोरू नकोस!”

सात नंबरची वळली.
झोसिया नाव तिचं. आईवडील पोलंडहून आलेले,
स्पॉल्डिंगकडे कोबी काढतात.
तिनं आपल्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
“नाही चोरत, आजोबा,”
म्हणाली, आणि धावली, आणि घसरली
पार माझ्या वाकड्या रेषेपर्यंत.

डाग गवताचा आहे.
राहू दे.