काळपुळी

आधी पंखा बंद करायचा,
मग ओरडायचं.
रमणमळ्याच्या टपाल कचेरीत
डॉक्टर कुंभोजकरांनी फळ्यावर पहिलं हेच लिहिलं.
त्या वर्षी दूरदेशी कुणी पाकिटांतून
पांढरी पूड पाठवली होती, माणसं गेली होती,
आणि आमच्याकडं दिवाळीच्या टपालाची पोती
दारापर्यंत आली होती.

पाकीट हलवायचं नाही. हुंगायचं नाही.
"बघ गं, हे काय" म्हणून शेजारणीला दाखवायचं नाही.
झाकायचं, खोली सोडायची, दार ओढून घ्यायचं,
हात साबणानं धुवायचे,
आणि आत कोण कोण होतं त्याची यादी करायची.
मागून मुल्लाणी म्हणाला,
"सायेब, कोल्हापूरला कोन कशाला पाठवतंय?
पाठवलीच पूड तर कांदा-लसणाची चटणी असंल."
सगळे हसले. डॉक्टरही.
मग त्यांनी एक फोटो दाखवला.

कुणाचा तरी हात. कोपराखाली
कोळशाच्या तुकड्यासारखी खपली,
भोवती फुगलेलं मांस.
"अँथ्रॅक्स," ते म्हणाले,
आणि मी मनात म्हणाले, आप्पा.

जवाहरनगरात चुन्याच्या हौदाकाठी वाढले मी.
बाभळीची साल, हिरडा, ओलं कातडं,
शाळेत पाटीलाही माझ्या तोच वास.
शिंगणापूरच्या बांधावर
रात्री दूध दिलेली म्हैस सकाळी आडवी होती,
पोट नगाऱ्यासारखं,
नाकातून काळपट रक्त, गोठायला तयार नसलेलं.
मालक म्हणाला, न्या, कातडं तुमचं.
शिदूकाकानं सुरी लावली.
आप्पांनी पाय धरला.

चौथ्या दिवशी दोघांना पुळी आली.
खाजली, दुखली नाही.
दुखली असती तर काका दवाखान्यात गेला असता.
त्यानं बिब्बा लावला, बाही खाली ओढली
आणि कामावर गेला.
आप्पा सीपीआरला गेले, सुया टोचून घेतल्या.
दोन भावांत फरक एवढाच,
आणि एक तिरडी.

पुढं कुठं जनावर अचानक पडलं की
आप्पा सायकल काढायचे.
फाडू नका. फरफटत नेऊ नका.
जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.
पुरुषभर खोल खड्डा काढा, वरनं कळीचा चुना.
तिथली वैरण कापू नका, माती विसरत नाही.
लोक म्हणायचे, कातड्याचं नुकसान तू भरून देणार?
आप्पा काही बोलायचे नाहीत.
बाही वर करायचे.

मंगळवारी दुपारी
गडहिंग्लजच्या शिक्क्याचं पाकीट
माझ्या टेबलावर कोपऱ्यातून पांढरं सांडलं.
मी पंखा बंद केला.
मग ओरडले.

पाकिटावर बादली उपडी घातली, दार ओढलं.
यादीत अकरा नावं.
पहिलं मुल्लाणीचं, त्यानं स्वतःच लिहिलेलं,
वेलांटी थरथरत गेलेली.
डॉक्टर म्हणाले, एका माणसाकडून दुसऱ्याला जात नाही हे,
बिनधास्त घरी जा, गोळ्या तेवढ्या चुकवू नका.
मला कळलं होतं सगळं.
तरी त्या रात्री मी पोरीकडं पाठ करून झोपले.

नवव्या दिवशी अहवाल आला.
कॅरमची पावडर.
सातवीतल्या पोरानं मामेभावाला पाठवलेली,
सोबत चिठ्ठी: आता स्ट्रायकर कसा पळतोय बघ.
कचेरी हसून हसून लोळली,
पेपरात टिंगलीची चौकट आली,
नलवडेबाई अजून मला बादलीवाली म्हणतात.

रविवारी आप्पांना सांगितलं.
ऐकायला कमी येतं त्यांना, दोनदा सांगितलं.
पोराचं नाव, चिठ्ठी, काही विचारलं नाही.
"पंखा?"
"बंद केला."
त्यांनी मान हलवली,
कातडं कुठंही न फाटता निघालं की हलवायचे
तशी.