एक्केचाळिसावी फेरी

वूचमध्ये आता गिरण्यांत सिनेमे लागतात.
माझं दुकान मागच्या अंगणात,
सायकली टेकवतात त्या भिंतीला.
काझिम्येराबाई आल्या, बर्फाचे बूट दाराशी झटकून,
पावाच्या कागदी पिशवीत अकरा फ्लॉप्या,
सव्वापाच इंची, ओल्या पापडासारख्या लवणाऱ्या.
एकीवर निळ्या पेन्सिलीने:
‘टेबलक्लॉथ, १९८८. पुसू नये.’

नव्या कॉम्प्युटरला ह्यांची ओळखच नाही.
मध्ये कुणीतरी लागतं:
भंगारातून उपटलेला ड्राइव्ह,
त्याच्या पाठीला चौतीस तारांची चपटी केबल,
आणि अंगठ्याएवढं हिरवं सर्किट,
जे अक्षरं वाचत नाही,
चुंबकाची नुसती उलटापालट मोजतं.
अक्षरं मागाहून, जमली तर.

आधी बुरशी काढली.
कापसाचा बोळा, स्पिरिट,
मधल्या भोकात बोट घालून तबकडी जराजराशी फिरवत.
मग बटण दाबलं. खर्र. टक. खर्र खर्र.
बाई खुर्चीत सरळ झाल्या.
‘रात्रपाळी,’ म्हणाल्या.

सहा मुकाट वाचल्या गेल्या.
सातवी अडली.
एकच सेक्टर, दर फेरीला वेगळी साक्ष देणारा.
हेड पुसलं, वेग उतरवला,
दहा फेऱ्या, वीस, चहा गार,
चाळीस.
एक्केचाळिसाव्या फेरीला बेरीज जुळली
आणि मी टेबलावर मूठ आपटली, एकटाच.

पडद्यावर फूल उमटलं.
पाकळ्या सात. आठवीच्या जागी कोरं कापड.
‘थांबा,’ मी म्हणालो, ‘अजून चुकतंय कुठेतरी,’
आणि पुन्हा केबलकडे हात नेला.

‘राहू द्या. बरोबर आहे.
बारा नंबरची सुई मोडली होती.
साहेब म्हणे, नवी पुढच्या तिमाहीत.
मग मीच बसले, अख्खा रविवार,
सुईला चुकवून फूल लिहीत.
तसेच गेले सगळे, चार हजार नग.
परत एकही आला नाही.’

किती वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या,
चष्मा वर, चष्मा खाली.
मी सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून दिलं.
तो त्यांनी हातमोज्यात टाकला, बोटाच्या टोकाशी,
आणि फ्लॉप्या एकेक मोजून पिशवीत.

दारातून वळल्या:
‘रिकाम्या नाही ना केल्यात?’
‘नाही हो. आहे तिथेच आहे सगळं.’
त्यांनी पिशवी कानाशी धरून
जराशी हलवून पाहिली.